कागदावरचा टाका

उतारवयातील एखाद्या दिवसाचा हिशेब मांडला, तर त्यात घेण्याची बाजू भरलेली आणि देण्याची बाजू जवळजवळ रिकामी दिसते. औषध वेळेवर हातात येते, ऊन जेवण समोर येते, कोणी हात धरून न्हाणीघरापर्यंत नेते, कोणी रात्री पांघरूण सारखे करते. हे सारे मायेनेच होत असते, याबद्दल शंका नाही. परंतु ज्या हातांनी चाळीस-पन्नास वर्षे घराला दिले, त्यांना दिवसेंदिवस केवळ घेत राहावे लागते. आणि ही बोच रक्ताच्या कोणत्याही तपासणीत उमटत नाही. ‘आता माझा कुणाला काय उपयोग?’ हा प्रश्न अनेक घरांत मोठ्याने विचारला जात नाही, इतकेच.

आज आपण ज्या छंदाचा विचार करणार आहोत, तो या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर देतो. साच्याने कापलेले कागदी आकार आणि सुईदोऱ्याचे टाके यांतून घरच्या घरी भेटकार्ड तयार करणे, एवढाच हा छंद. वेळ घालविण्याची साधने पुष्कळ आहेत. शब्दकोडे आहे, पत्ते आहेत, दूरदर्शन आहे. भेटकार्डाचे वेगळेपण असे की, त्याच्या शेवटी पाकिटावर कुणाचे तरी नाव लिहावे लागते. काम सुरू होते तेव्हाच ‘हे कोणासाठी?’ असा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर देणारा माणूस त्या क्षणापुरता तरी घेणारा राहत नाही, देणारा होतो.

बहात्तराव्या वर्षी धरलेली कात्री

‘आता या वयात नवे काय शिकणार?’ असे म्हणणाऱ्यांनी मेरी डिलेनी या इंग्रज बाईंची हकीकत ध्यानात घ्यावी. त्यांचा जन्म १७०० सालचा. भरतकामात त्यांचा हात तरुणपणापासून बसलेला होता. १७६८ मध्ये त्यांचे दुसरे पती निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, जिरेनियमच्या पाकळीचा रंग आणि जवळच पडलेल्या लाल कागदाचा रंग अगदी एक आहे, असे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी तो कागद पाकळीच्या आकारात कापला. पुढील सुमारे दहा वर्षांत रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून त्यांनी जवळजवळ एक हजार फुलांची चित्रे सिद्ध केली. दृष्टी साथ देईनाशी झाली तेव्हाच हे काम थांबले. ती चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आपल्याला संग्रहालयात जायचे नाही, हे खरे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, सुईची सवय असलेला हात म्हातारपणी कागदाकडे सहज वळू शकतो. कागदावर टाका घालण्याची रीतही जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरांमध्ये छिद्रे पाडलेल्या जाड कागदावर भरतकाम करीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील स्त्रिया रेशमी जाळीवर फुले व निशाणे भरीत. ते तुकडे कार्डावर चिकटविले जात आणि आघाडीवरचे सैनिक ती कार्डे विकत घेऊन घरी धाडीत. आपल्याकडे गोधडीला धावदोरा घातलेल्या आणि रुमालाच्या कोपऱ्यात साखळी टाक्याने नाव भरलेल्या आजी आजही घरोघरी आहेत. तो हात वाया गेलेला नाही, काम नसल्यामुळे तो स्वस्थ बसला आहे.

साचा कसा कापतो

डाय म्हणजे पोलादी पातळ पात्याचा, हव्या त्या आकारात वळविलेला साचा. घरगुती यंत्रात दोन जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांमध्ये डाय आणि कागद एकावर एक ठेवतात, ही चळत दोन रुळांच्या फटीत सरकवितात आणि बाजूची मूठ फिरवितात. रुळांच्या दाबाने पाते कागदातून आरपार जाते व आकार अखंड सुटून येतो. थरथरत्या हाताने कात्री चालविण्याचा प्रश्नच उरत नाही. कापणे हातावर अवलंबून राहिले नाही, तरी कोणता आकार, कोणता रंग आणि तो कोठे लावायचा, हे ठरविणे मात्र करणाऱ्याकडेच राहते.

यंत्र नसले तरी अडत नाही. लेखनसामग्रीच्या दुकानात फूल, पान, तारा अशा आकारांचे छोटे पंच मिळतात. त्याहून सोपा मार्ग आपल्या कपाटातच असतो. लग्नपत्रिका छापणारे मुद्रक डायनेच कोयऱ्या, कलश, कमानी आणि गणपती कापतात. पत्रिकेवरचा गणपती रद्दीत टाकवत नाही म्हणून घरात अशा पत्रिकांचा गठ्ठा साचलेला असतो. त्यांतील आकार सोडवून घेतले की साहित्याचा निम्मा भाग तयार झाला. शिवाय एकेक पत्रिका हाती येताच, ‘ही अमक्याच्या मुलीची, मांडवात पाऊस आला होता,’ अशा आठवणीही निघतात. त्या ऐकण्यास कोणी जवळ असावे.

आकाशकंदिलाचे कार्ड

आरंभासाठी दिवाळीचा आकाशकंदील फार सोयीचा. कंदील साच्याने कापायचा आणि त्याच्या झिरमिळ्या टाक्यांनी घालायच्या. दोन्ही कामे एकाच चित्रात येतात.

कार्डासाठी जरा जाड कागद घ्यावा; दुकानात २०० ते २५० जीएसएम असे सांगितले की चालते. यापेक्षा पातळ कागद टाक्याने फाटतो, आणि फार जाड कागदातून सुई ओढताना बोटे दुखतात. ए-४ आकाराचा कागद मधोमध कापून अर्ध्या तुकड्याची घडी घातली, की साधारण १०.५ सेंमी रुंद आणि १४.८ सेंमी उंच कार्ड होते. दर्शनी बाजूच्या वरच्या भागात सुमारे ५ सेंमीचा षट्कोनी कंदील चिकटवावा. षट्कोन मिळाला नाही, तर गोल किंवा चौकोनही शोभतो. त्याखाली पाच झिरमिळ्या, एकमेकींपासून ८ मिमी अंतरावर, प्रत्येक ३ सेंमी लांब, अशा पेन्सिलीने आखून घ्याव्यात. प्रत्येक रेघेवर १ सेंमी अंतराने चार खुणा कराव्यात. पाच झिरमिळ्यांची एकूण वीस छिद्रे होतील.

येथे कापड आणि कागद यांतील भेद ध्यानात ठेवावा. कापडात सुईचे छिद्र मिटून जाते, कागदात ते कायम राहते. म्हणून आधी सर्व छिद्रे पाडावीत आणि मगच दोरा ओवावा. छिद्रे फार जवळजवळ पडली, तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेप्रमाणे कागद तेथून सुटतो. कार्ड उघडून, फक्त दर्शनी पानाखाली अनेक पदरी घडी घातलेला जाड टॉवेल किंवा फोमचा तुकडा ठेवावा, आणि लाकडी मुठीच्या दाभणाने खुणेवर सरळ दाब द्यावा.

भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो. त्यातील तीन पदर पुरतात. दोऱ्याची लांबी सुमारे अर्धा मीटर असावी. त्याहून लांब दोरा गुंततो, आणि तो ओढताना प्रत्येक टाक्याला खांदा उगाच ताणला जातो. कागदावर गाठ मारू नये, तिचा उंचवटा राहतो. दोऱ्याचे टोक मागील बाजूस चिकटपट्टीने बसवावे. आता झिरमिळीच्या पहिल्या छिद्रातून सुई वर काढावी, दुसऱ्यातून खाली, तिसऱ्यातून वर, चौथ्यातून खाली घालावी. मग पुन्हा तिसऱ्यातून वर येऊन दुसऱ्यातून खाली गेले, की मधली मोकळी जागा भरते आणि झिरमिळी अखंड दिसते. दोरा बेताने ओढावा. जोर लावला तर छिद्राची कड फाटते. पाचही झिरमिळ्या झाल्या की मागील टाके झाकण्यासाठी आतून एक साधा कागद चिकटवावा. मजकूर लिहायचा तो आतल्या उजव्या पानावर.

हे सर्व एका बैठकीत संपविण्याचा हट्ट धरू नये. एके दिवशी आकार, दुसऱ्या दिवशी छिद्रे, तिसऱ्या दिवशी टाके, चौथ्या दिवशी मजकूर, अशी वाटणी केली तर उद्यासाठी काही काम शिल्लक राहते. सकाळी उठल्यावर करण्यासारखे काही असणे, हे या वयात थोडके नव्हे.

डोळे, हात आणि मान

साठीनंतर डोळ्यातील बाहुली लहान होत जाते आणि नैसर्गिक भिंग पिवळसर होते. त्यामुळे नातवाला पुरणारा प्रकाश आजोबांना पुरत नाही. खोलीतील दिवा पुरेसा मानू नये. ज्या हातात सुई असते त्याच्या विरुद्ध बाजूने टेबलदिव्याचा उजेड कामावर पडू द्यावा, म्हणजे हाताची सावली आड येत नाही. फिकट कागदावर गडद दोरा घ्यावा. मोतीबिंदू असल्यास गडद निळा आणि काळा यांतील फरक कळणे कठीण जाते. अशा वेळी लाल, गडद हिरवा किंवा तपकिरी रंग बरा. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर हे काम केव्हा सुरू करावे ते नेत्रतज्ज्ञांना विचारावे. बारीक कामात पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी काम खाली ठेवून दूरवर पाहावे आणि मान सैल सोडावी. कामावर वाकण्याऐवजी काम वर उचलावे. मांडीवर उशी आणि तिच्यावर पाट ठेवला तरी मानेचा भार हलका होतो.

अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलेला असेल, तर चिमटीत धरण्याची प्रत्येक क्रिया त्या सांध्यावर कित्येक पटींनी दाब आणते. सुईला जाड करणे हा त्यावर उपाय. सुईच्या नेढ्याकडील भागाला रबराचा छोटा तुकडा गुंडाळला की पकड सैल ठेवता येते. पंच अंगठ्याने दाबू नये. तो टेबलावर ठेवून उभे राहावे आणि तळहाताच्या टाचेने, अंगाचा भार देऊन दाबावा. मात्र तोल जाण्याची भीती असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. संधिवाताने सांधे सकाळी आखडत असतील तर दुपारची वेळ निवडावी. सांधा सुजलेला आणि गरम असेल त्या दिवशी हाताला विश्रांती द्यावी.

हात कापत असल्यास दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून काम करावे. कंपवाताच्या रुग्णांनी औषधाचा परिणाम चांगला असतो ती वेळ धरावी. या विकारात अक्षर बारीक होत जाते, म्हणून मजकुरासाठी ठळक आणि दूरदूरच्या रेघा आखून द्याव्यात. अर्धांगवायूनंतर एकच हात चालत असेल, तर कार्ड मोठ्या चिमट्याने पाटाला पक्के बसवावे. दुबळा हात कागदावर वजनासारखा ठेवण्याचा प्रयत्न जरूर करावा. तो हात कामात कसा आणावा, हे व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नेमके सांगू शकतात. हातकामाचा उपचार म्हणून उपयोग करणारी ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये या विषयाचे शिक्षण देणारी भारतातील पहिली शाळा सुरू केली.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कार्डे केल्याने स्मृतिभ्रंश टळतो किंवा कंपवात बरा होतो, असा दावा कोणी केल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. औषध औषधाच्या जागी आणि छंद छंदाच्या जागी राहू द्यावा.

सुईची शिस्त

मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेली असेल, तर टोचलेले कळत नाही आणि जखम चिघळू शकते. काम संपल्यावर बोटे उजेडात धरून पाहावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर टोचल्यावर रक्त थांबण्यास वेळ लागतो. तेथे स्वच्छ कापसाने काही मिनिटे दाबून धरावे. दोन्ही प्रसंगी बोथट टोकाची सुई घ्यावी. छिद्रे आधीच पाडलेली असल्यामुळे टोकदार सुईची गरज उरत नाही.

डब्यातून किती सुया बाहेर काढल्या ते मोजावे आणि तितक्याच परत गेल्या की नाही ते पाहावे. अंथरुणावर बसून सुईकाम करणे टाळावे. डब्याच्या झाकणात लोहचुंबकाचा तुकडा बसविला तर सुई हरवत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ पूर्ण वेळ कोणी तरी बसलेले असावे. दाभण आणि कात्री तिच्या हाताशी ठेवू नये, सुई प्लास्टिकची द्यावी, आणि मणी-टिकल्या खाऊ समजून तोंडात जाण्याचा धोका असल्याने त्या वापरूच नयेत. डायचे यंत्र फिरविताना बोटे रुळांपासून दूर असावीत. उग्र वासाचा झटपट चिकटणारा गोंद दमेकऱ्यांच्या खोलीत नको. गोंदाची कांडी पुरते.

जवळच्यांनी हात आखडता घ्यावा

शुश्रूषा करणाऱ्या मंडळींसाठी या लेखातील सर्वांत अवघड सूचना आता येते. सुई ओवून द्यावी, छिद्रे पाडून द्यावीत, दिवा सरकवून द्यावा. मात्र टाका घालू नये. तिसऱ्या झिरमिळीचा टाका चुकून चौथ्या छिद्रात गेला, तर तो उसवून नीट करण्याचा मोह होतो. ‘द्या इकडे, मी करते पटकन’ हे वाक्य आपण प्रेमानेच उच्चारतो. परंतु दिवसभरात ते वाक्य त्या व्यक्तीने किती वेळा ऐकलेले असते! बटण लावताना, चपलेचा पट्टा ओढताना, फोन उचलताना. निदान कार्डापुरते तरी ते मागे ठेवावे. वाकडा टाका पाहून पाठविणाऱ्याचा हात ओळखू येतो. तो सरळ केला, तर कार्ड सुबक होईल, पण ते आईचे किंवा बाबांचे राहणार नाही.

ज्यांना अलीकडचे फारसे आठवत नाही, त्यांचे हात पुष्कळदा जुना टाका विसरलेले नसतात. तेव्हा ‘हा कोणता टाका, सांगा बरे?’ अशी परीक्षा घेऊ नये. शेजारी बसून आपण आपले कार्ड करावे; पाहता पाहता हात चालू लागतात. नाही चालले, तर रंग निवडून घ्यावा. लाल की पिवळा, एवढे सांगणे हाही कामातला वाटाच आहे. कौतुकही लहान मुलाचे करावे तसे करू नये. ‘अरे वा, छान छान!’ म्हणण्यापेक्षा ‘हे कोणाला पाठवायचे?’ असे विचारावे.

चार ओळी

भाऊबीजेला दर वर्षी येणारा भाऊ आता प्रवास करू शकत नाही, आणि बहिणीला जिना उतरवत नाही, अशी घरे थोडी नाहीत. दोघेही ऐंशीच्या घरात, दोन वेगळ्या गावांत, दोघांनाही ऐकू कमी येते. त्यामुळे फोनवर ‘बरा आहेस ना?’ याच्यापुढे बोलणे सरकत नाही. भेट होईल की नाही, हे दोघांनाही मनातून ठाऊक असते आणि कोणीच ते बोलून दाखवीत नाही. अशा ठिकाणी कार्ड जाऊ शकते. ते मोठ्याने वाचता येते, उशाशी ठेवता येते, पुन्हा पुन्हा पाहता येते.

मजकूर सुचत नाही, अशी तक्रार असते. सुंदर वाक्ये शोधू नयेत. मायना आपल्या पद्धतीने घालावा. तीर्थरूप, चिरंजीव, साष्टांग नमस्कार, अनेक आशीर्वाद हे शब्द नातवंडांना येत नाहीत, तुम्हाला येतात. मग एक आठवण लिहावी, जी त्या दोघांनाच ठाऊक आहे. एक आजची गोष्ट लिहावी. आणि जे इतकी वर्षे सांगायचे राहिले, ते एका ओळीत लिहावे. ‘माझ्या शिक्षणासाठी तू तुझे सोडलेस, हे मी विसरले नाही,’ असे एखादे वाक्य कित्येक घरांत पन्नास वर्षे मनातच पडून असते. लिहिणे जमत नसेल, तर ते सांगावे आणि दुसऱ्याने जसेच्या तसे उतरवून घ्यावे. भाषा सुधारू नये. सही मात्र स्वतःची असावी. सही होत नसेल तर अंगठ्याचा ठसा, तोही शाईऐवजी हळदी-कुंकवाचा उमटविला तरी शोभेल.

कोणाला पाठवावे याची यादी करताना काही नावे अशी निघतील की ती माणसे आता नाहीत. त्या वेळी डोळे भरून आले, तर काम तेवढ्यापुरते थांबवावे आणि विषय बदलू नये. त्या व्यक्तीसाठी कार्ड करावेसे वाटले, तर करू द्यावे. ते तिच्या मुलांना पाठविता येते.

टपालात टाकण्यापूर्वी टाक्यांवर पातळ कागद ठेवावा, कार्ड घट्ट पाकिटात घालावे आणि पोस्टात वजन करून घ्यावे, म्हणजे तिकीट कमी पडत नाही. मागील बाजूस करणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख लिहावी. पुढे कधी तरी कोणी ते कार्ड कपाटातून काढील, तेव्हा या तीन गोष्टी त्याला हव्या असतील.

येत्या पंधरवड्यात एकच कार्ड करावे. आधी पाकीट घ्यावे आणि त्यावर नाव लिहावे. नाव लिहून झाले की कागद, दोरा आणि दिवा आपोआप जवळ येतील.